अमेरिकेतील माजी सैनिक आणि रुग्णालयाची वाट : २०१४ चा कायदा

उपचाराचा हक्क कायद्याने मिळाला, म्हणजे उपचार वेळेवर मिळतातच असे नाही. अमेरिकेचे उदाहरण पाहा.

पार्श्वभूमी : माजी सैनिकांसाठी अमेरिकन सरकारची स्वतःची रुग्णालये आहेत. तेथे १४ दिवसांत भेट मिळावी, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले होते. अधिकाऱ्यांचे मूल्यमापन आणि बोनसही त्याच्याशी जोडले गेले. परिणामी काही ठिकाणी प्रतीक्षा कमी होण्याऐवजी तिची नोंदच बदलली गेली. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातील रुग्णालयाच्या चौकशीत सुमारे १,७०० माजी सैनिक अधिकृत प्रतीक्षायादीत नसल्याचे आढळले. तपासलेल्या २२६ रुग्णांना पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावे लागले होते; रुग्णालयाची आकडेवारी मात्र २४ दिवस सांगत होती. विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी ३० मे रोजी राजीनामा दिला.

तरतुदी : सिनेटर बर्नी सँडर्स आणि जॉन मॅकेन या भिन्न विचारांच्या नेत्यांनी वाटाघाटी करून तोडगा काढला. ७ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी कायद्यावर सही केली. ३० दिवसांत भेट न मिळाल्यास, किंवा घर सरकारी केंद्रापासून ४० मैलांहून (सुमारे ६४ किलोमीटर) दूर असल्यास, सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जाण्याची मुभा मिळाली. त्यासाठी १० अब्ज डॉलर, तर सरकारी रुग्णालयांतील मनुष्यबळ व सोयींसाठी ५ अब्ज डॉलर राखून ठेवले गेले.

मर्यादा : हे ४० मैल सुरुवातीला नकाशावर सरळ रेषेत मोजले जात. त्यामुळे प्रत्यक्ष रस्ता बराच लांबचा असला, तरी माणूस अपात्र ठरू शकत असे! २०१५ मध्ये रस्त्याचे अंतर ग्राह्य धरले गेले. पुढे २०१८ च्या नव्या कायद्यानंतर मैलांऐवजी प्रवासाचा वेळ हा निकष आला: प्राथमिक उपचारांसाठी ३० मिनिटे, तज्ज्ञांकडे जाण्यासाठी ६० मिनिटे.

भारताशी तुलना : आपल्याकडे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. पॉलिक्लिनिक आणि संलग्न खासगी रुग्णालये अशी तिची रचना आहे. मात्र ती सरकारी आदेशाने आली, संसदेच्या कायद्याने नव्हे.

निष्कर्ष : या इतिहासाचे सार असे, की हक्काचे मोल तो कसा मोजला जातो यावरही ठरते. प्रतीक्षेचे दिवस रुग्णाने मागणी केल्यापासून मोजायचे, की कार्यालयाने नोंद केल्यापासून? आपल्या जवळच्या रुग्णालयाबाबत हाच प्रश्न विचारून पाहा.