सायकलच्या चाकातून 'टिक-टिक' आवाज येतोय? तो नेमका कुठून येतो, हे असं शोधा

सकाळची वेळ, रस्ता रिकामा आणि खालून येणारा बारीक आवाज. टिक... टिक... टिक. थांबून पाहिलं की आवाज बंद. चाक हाताने फिरवलं तरी काहीच ऐकू येत नाही. पुन्हा सीटवर बसून निघालं की टिक-टिक सुरू.

बरेच जण इथूनच अंदाजाने खर्च करायला लागतात. आधी चेनला तेल, मग नवी चेन, मग नवा फ्रीव्हील. पैसे जातात, आवाज तिथेच राहतो. त्यातले काही आवाज निरुपद्रवी असतात, पण काही आवाज चाकातला एखादा भाग सुटत किंवा तुटत असल्याची सूचना असते. म्हणून आधी आवाजाचं मूळ शोधणं महत्त्वाचं.

कानाला जागा का सापडत नाही?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने जातो, तर स्टील किंवा अॅल्युमिनियममधून सुमारे ५,००० मीटर वेगाने. मागच्या हबमध्ये झालेला आवाज क्षणात संपूर्ण फ्रेमभर पसरतो. त्यात फ्रेमचे पाइप पोकळ असतात, त्यामुळे तो आणखी घुमतो. मागचा आवाज हँडलजवळ ऐकू येणं म्हणूनच नेहमीचं आहे. शोध घेताना आवाजाच्या दिशेपेक्षा त्याच्या लयीवर भरवसा ठेवावा.

आवाज चाकाचा की पेडलचा?

२६ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर असतो. ताशी १५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला ४ मीटरपेक्षा थोडी जास्त धावते, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे २ फेरे होतात. या वेगात सेकंदाला २ टिक ऐकू आले, तर संशय चाकावर.

साध्या, बिनगिअरच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच आवाज आला, तर चाक सोडून पेडल आणि क्रँक तपासा.

याहून सोपी चाचणी म्हणजे सपाट रस्त्यावर पेडल मारणं थांबवा. सायकल नुसती धावतानाही आवाज चालू राहिला, तर तो बहुधा चाकाचा. बंद झाला, तर बहुधा पेडल, क्रँक किंवा चेनचा.

यात एक अपवाद आहे. पेडल थांबवल्यावरच येणारी कट-कट ही फ्रीव्हीलची असते. आतले छोटे खटके दातांवरून घसरतात, त्याचा तो आवाज. तो नेहमीचाच आहे.

पुढचं चाक की मागचं?

सायकलवरून उतरा. पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर सायकल ढकला. मग उलट करा. त्यानंतर एकेक चाक अधांतरी फिरवा. फिरत्या चाकाच्या आऱ्यांजवळ आणि डिस्कजवळ बोटं नेऊ नका.

कोणत्या आवाजाचा काय अर्थ?

चाक अधांतरी फिरवतानाही आवाज येतो: आऱ्यांवरचा सैल रिफ्लेक्टर, मडगार्डची तार किंवा व्हॉल्व्हचा ढिला नट पाहा. फेऱ्यात एकाच जागी ब्रेक घासत असेल, तर चाकाला आउट आलेला असू शकतो.

ब्रेक दाबल्यावरच टक-टक होते: बऱ्याच रिम एका पट्टीची दोन टोकं जोडून बनवलेल्या असतात. तो जोड किंचित वर आलेला असेल, तर ब्रेकचं रबर दर फेऱ्याला तिथे अडखळतं.

फक्त जमिनीवर चालवतानाच येतो: टायरच्या नक्षीत अडकलेला खडा किंवा खिळा शोधा.

हळू चालवताना खुळखुळ, वेग वाढला की शांत: रिमच्या पोकळीत सुटं निपल किंवा धातूचा तुकडा असू शकतो. वेग साधारण ताशी ६-७ किलोमीटरच्या वर गेला की तो तुकडा रिमच्या बाहेरच्या बाजूला दाबून बसतो आणि आवाज थांबतो.

खरखर, घरघर: हबमधले छर्रे कोरडे पडले आहेत किंवा झिजले आहेत. चाक फिरवून फ्रेमवर हात ठेवा, खरखर हाताला जाणवते.

फक्त सीटवर बसल्यावरच टिक-टिक: सर्वात चकवणारा आवाज हाच आणि तो बहुधा आऱ्यांचा असतो.

वजन पडल्यावरच आरे का वाजतात?

कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या आऱ्यांच्या चाकाचं पेटंट घेतलं. आजही बहुतांश सायकलींची चाकं याच पद्धतीची असतात. प्रत्येक आरा ताणून बसवलेला असतो. सायकलवर वजन पडलं की जमिनीकडच्या आऱ्यांचा ताण क्षणभर कमी होतो आणि ते वर गेले की पुन्हा वाढतो. आरे मुळातच सैल असतील, तर छेदतात तिथे ते घासून टिक वाजतं. चाक अधांतरी असताना त्यावर भार नसतो, म्हणून आवाजही नसतो.

तपासायला एकेक आरा बोटाने छेडा. एकाच बाजूचे आरे साधारण सारख्या सुरात वाजले पाहिजेत. एखादा 'थड' असा बसका वाजला, तर तो सैल आहे. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या दोन बाजूंचा ताण मुळातच वेगळा असतो, त्यामुळे डाव्या आऱ्यांची तुलना उजव्यांशी करू नका. ताण ठीक असेल, तर आरे छेदतात तिथे तेलाचा एकेक थेंब पुरतो. मात्र रिम, ब्रेकचं रबर आणि डिस्क यांना तेल लागता कामा नये, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

सायकल लगेच कधी थांबवायची?

रिम धरून चाक डावीकडे-उजवीकडे हलवा. ते खटखट हललं, तर कोन सैल आहेत किंवा एक्सलचे नट ढिले झाले आहेत. पुढच्या चाकात असं असेल, तर सायकल चालवू नका. आरा तुटला असेल, निपलजवळ रिमला तडा असेल किंवा टायरला फुगवटा आला असेल, तरीही थांबा. एक आरा तुटला की त्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर जातो आणि तेही तुटू लागतात.

आरे घट्ट करण्याचा अनुभव नसेल, तर पान्हा हातात घेऊ नका. एक आरा जास्त ताणला की चाकाला आउट येतो. ते काम दुकानातच करून घ्या.

दुकानात जाताना 'आवाज येतोय' एवढंच सांगू नका. तो कोणत्या चाकात येतो, पेडल थांबवल्यावर चालू राहतो का आणि वजन पडल्यावरच येतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं द्या. मेकॅनिकचा वेळ वाचेल आणि नको असलेला नवा पार्ट तुमच्या बिलात येणार नाही.