जुन्या जीपची कुळकथा

जीप ही दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून 1940 साली अमेरिकेत जन्मलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी हलकी लष्करी मोटार. युद्ध संपल्यावर ती शेतात, जंगलात, सरकारी दौऱ्यांवर राबली आणि राबून म्हातारी झाल्यावर शौकिनांच्या हाती आली. मोडकळीला आलेली जीप शोधायची, विकत घ्यायची, मूळ रूपात उभी करायची आणि चालवायची, हा छंद आज जगभर रुजला आहे. या छंदाचे मर्म समजण्यासाठी जीप कशी घडली हे पाहावे लागते, कारण जी गुणवैशिष्ट्ये तिच्या घाईघाईच्या जन्मातून आली, त्यांच्यामुळेच ती ऐंशी वर्षांनंतरही दुरुस्त होऊ शकते.

जन्म

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांकडे टेहळणीसाठी छोट्या गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. फक्त दोन कंपन्या पुढे आल्या: पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम आणि ओहायोतल्या टोलेडोची विलीज-ओव्हरलँड. बँटमकडे स्वतःचा आराखडाकारही उरला नव्हता. त्यांनी डेट्रॉइटचे अभियंते कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावले. प्रॉब्स्ट यांनी काही दिवसांतच आराखडा कागदावर उतरवला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, बँटमची गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड तळावर हजर झाली.

गाडी उत्तम होती, पण बँटमचा कारखाना लहान. लष्कराने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांनाही पाहू दिले. दोघांनी आपापले नमुने बनवले. त्यांत विलीजचे पारडे जड ठरले ते इंजिनामुळे. कंपनीचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी आधीच्या एका सामान्य इंजिनावर मेहनत घेऊन ते 60 अश्वशक्तीपर्यंत नेले होते. 2.2 लिटरचे, चार सिलिंडरचे हे पेट्रोल इंजिन पुढे ‘गो डेव्हिल’ नावाने ओळखले गेले. जुलै 1941 मध्ये मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि त्यांच्या गाडीचे अंतिम रूप ‘एमबी’ ठरले. एकट्या विलीजकडून मागणी पुरी होईना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डलाही गाड्या बनवायला सांगण्यात आले. फोर्डच्या गाडीचे नाव ‘जीपीडब्ल्यू’; त्यातला शेवटचा ‘डब्ल्यू’ विलीजचा. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे 6,40,000 जीप बनवल्या. मूळ कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी गाड्या आल्या.

रचना

दोन वेगवेगळ्या कारखान्यांतल्या गाड्यांचे भाग एकमेकींना चपखल बसले पाहिजेत, ही लष्कराची अट होती. रणांगणावर एका मोडक्या जीपचे गिअरबॉक्स काढून दुसरीला लावता यायला हवे होते. म्हणून सारे काही साधे आणि उघडे ठेवले गेले: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड एक्सल, त्यांच्याखाली पाटे, तीन गिअर आणि त्यांच्या जोडीला ‘हाय’ व ‘लो’ अशा दोन पायऱ्यांचा ट्रान्सफर केस. चालकाच्या हाताशी तीन दांडे असतात. एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना ताकद जोडण्याचा आणि एक हाय-लोचा. वीजव्यवस्था 6 व्होल्टची. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवता येत, म्हणजे अंधारात त्यांच्याच उजेडात इंजिनाचे काम करता येई. दोन चाकांच्या आसांमधले अंतर 80 इंच, त्यामुळे अरुंद वाटेवरही गाडी सहज वळे.

दिसायला सारख्या असलेल्या या गाड्यांत काही खुणा मात्र वेगळ्या राहिल्या आणि आज शौकिनांना त्याच उपयोगी पडतात. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी घडणीचा. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर आणि अनेक सुट्या भागांवर ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. विलीजच्या अगदी सुरुवातीच्या सुमारे 25,000 गाड्यांची जाळी सपाट पट्ट्या जोडून केलेली होती. त्यानंतर फोर्डने शोधलेली, एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची स्वस्त जाळी दोघांनीही स्वीकारली.

युद्धानंतर

1945 मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी ‘सीजे-2ए’ बाजारात आणली. हिला मागे उघडणारे फाळके, बाजूला जादा चाक, मोठे दिवे आणि सात फटींची जाळी होती. सात फटी पुढे जीपची कायमची ओळख बनल्या. 1949 मध्ये ‘सीजे-3ए’ आली आणि 1953 मध्ये ‘सीजे-3बी’. या शेवटच्या गाडीत नवे ‘हरिकेन’ इंजिन बसवले. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर असल्याने इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. भारतातले जीपवाले ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ असा जो फरक करतात त्याचे मूळ इथे आहे.

छंदाचा उगमही याच काळातला. लष्कराने विकून टाकलेल्या जीप अमेरिकेत शेतकरी, शिकारी आणि भटके यांनी घेतल्या. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनमधून लेक टाहोपर्यंत, रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने जीपचा पहिला सामूहिक प्रवास झाला. तो वार्षिक प्रघात पुढे टिकला. युटातल्या मोआबमध्ये ईस्टरच्या सुमारास होणारी जीप सफारी 1967 पासूनची. सुरुवातीला भर गाडी चालवण्यावर होता. गाड्या दुर्मिळ होऊ लागल्या तसा तो जतनाकडे वळला आणि 1976 मध्ये लष्करी वाहने जपणाऱ्यांची संघटना अमेरिकेत उभी राहिली. तिकडे फिलिपीन्समध्ये उरलेल्या अमेरिकी जीप लांबवून लोकांनी ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी घडवली. त्याच देशात आज युद्धकालीन जीपच्या नव्या पत्र्याच्या बॉड्या बनतात आणि जगभरच्या शौकिनांकडे जातात.

भारतात आणि महाराष्ट्रात

भारतात जीप आली ती ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. युद्धानंतर उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. नवी जीप पुरवण्याचे काम मात्र मुंबईने केले. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. या कंपनीने माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे भाग इथेच बनू लागले आणि काम कांदिवलीच्या कारखान्यात वाढले. अमेरिकेत सीजे-3बी 1968 मध्ये बंद झाली, पण महिंद्राने तिचाच साचा कितीतरी वर्षे चालू ठेवला. 1980 च्या दशकातल्या ‘एमएम 540’मध्ये प्यूजोचे डिझेल इंजिन आले, तरी तिच्या अंगावर त्या जुन्या गाडीचा ठसा स्पष्ट दिसतो. 2010 ची ‘थार’ याच वंशातली.

महाराष्ट्रात जीप कधी निव्वळ हौसेची वस्तू नव्हती. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाने आणि निवडणुकीचा प्रचार यांनी तिला राबवून घेतले. पश्चिम महाराष्ट्रात लांब बॉडीच्या जीप ‘वडाप’ म्हणून गावोगावची माणसे वाहू लागल्या. पेट्रोल महागले तसे मालकांनी जुनी इंजिने काढून मॅटाडोरची किंवा इतर डिझेल इंजिने बसवली. बॉडी कापली, चासी वाढवली, चाके बदलली. गाडी चालती राहिली ती या बदलांमुळेच. पण त्यामुळेच संपूर्ण मूळ रूपातली जीप इथे फार क्वचित मिळते, आणि ओळख पटवणे ही भारतातल्या शौकिनाची पहिली कसोटी ठरते.

खरेदी

जुनी जीप घेताना रंग आणि चकाकी पाहण्यात अर्थ नसतो. आधी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि आरसी बुकातल्या नोंदी ताडून पाहाव्यात. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. त्यानंतर चासी: पाट्यांच्या खुंट्यांजवळ तडे, जुने वेल्डिंग आणि पोकळ भागातला गंज तपासावा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून कर्णाची दोन्ही मापे घेतली की चासी वाकली आहे का ते कळते. ट्रान्सफर केस आणि एक्सल मूळचे असणे महत्त्वाचे, कारण ते हरवले तर शोधायला वर्षे जातात. पत्रा कितीही सडलेला असला तरी तो नवा बनवता येतो. म्हणून फुटकी बॉडी पण पूर्ण यंत्रणा असलेली गाडी, चकचकीत बॉडी पण उसन्या यंत्रणेच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

जीर्णोद्धार

कामाला सुरुवात गाडी सुटी करण्यापासून होते. प्रत्येक भागाचा फोटो, बोल्टांच्या वेगळ्या पिशव्या आणि चिठ्ठ्या हे कंटाळवाणे वाटले तरी जोडणीच्या वेळी त्यांच्यावाचून चालत नाही. चासी वाळूच्या माऱ्याने साफ करून दुरुस्त करतात. इंजिनाचे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग लेथवाल्याकडे होते. गो डेव्हिल इंजिन कमी दर्जाच्या पेट्रोलसाठी बनलेले असल्याने आजच्या साध्या पेट्रोलवर ते नीट चालते. फक्त एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवून घेणे हिताचे. ब्रेकचे सिलिंडर, नळ्या आणि होज यांत काटकसर करू नये.

पत्र्याच्या कामात एक जागा हमखास दगा देते. युद्धकालीन जीपच्या तळाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या पोकळीत लाकूड भरलेले असे. ते पाणी शोषून घेई आणि वरचा पत्रा आतून कुजे. हा भाग उघडून पाहिल्याशिवाय वरून रंग देणे म्हणजे सारे काम वाया घालवणे. शेवटी वायरिंग आणि रंग. लष्करी गाडीला मंद, चमक नसलेला ऑलिव्ह हिरवा रंगच शोभतो. सुटे भाग मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, लष्करी लिलाव आणि इतर जीपवाल्यांचे जुने साठे यांतून गोळा होतात.

कायदा आणि वापर

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वाहतुकीला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून मूळ यंत्रणा टिकवणे हा आता कायद्यानेही फायद्याचा मार्ग आहे.

चालवताना जीपचा स्वभाव मानावा लागतो. ताशी 60 किलोमीटरच्या आसपास ती समाधानी असते. पुढच्या-मागच्या एक्सलांमध्ये फरक सामावणारी यंत्रणा नसल्याने डांबरी कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडली तर वळणावर गिअरांवर ताण येतो. ती चिखल, वाळू आणि घसरड्या चढासाठीच जोडावीत. नियमित ग्रीसिंग केले तर या गाडीला फारसे काही लागत नाही. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि कच्च्या गाडीरस्त्यांवर तिचा खरा आनंद मिळतो. कासच्या पठारासारख्या फुलांच्या सड्यांवर आणि राखीव जंगलांत मात्र चाक घालू नये.

ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्याने तिचा काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नये, आणि कोणते काम कधी, कशाने केले याची वही ठेवावी. पुढच्या मालकाच्या हाती गाडीबरोबर तिचा इतिहासही गेला पाहिजे. हेच या छंदाचे पहिले कर्तव्य आहे.