बाटलीवरची नाममुद्रा

पदवीच्या वर्गात संत जनाबाईंचे अभंग शिकवीत असता नाममुद्रेचा विषय निघाला. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो ती नाममुद्रा, एवढे आम्ही सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सॉसच्या बाटलीवर नटाचे चित्र असते, तीही नाममुद्राच का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. गोदाकाठच्या या गावात तरी असा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

तो नट म्हणजे पॉल न्यूमन. हॉलिवूडचा हा अभिनेता घरी केलेले सॅलड ड्रेसिंग नाताळात रिकाम्या मद्याच्या बाटल्यांत भरून शेजाऱ्यांना वाटीत असे. १९८२ मध्ये लेखकमित्र ए. ई. हॉचनर यांच्यासह त्याने 'न्यूमन्स ओन' ही कंपनी काढली. ड्रेसिंगपाठोपाठ व्हेनिसच्या धाटणीचा म्हणून स्पॅगेटीचा सॉस आला. बाटलीवर न्यूमनचा चेहरा आणि नफा सगळा धर्मादाय कामाला, अशी ही योजना. २००८ मध्ये न्यूमन गेला. बाटलीवरचा चेहरा राहिला.

आपल्याकडे या परंपरेतले ठळक नाव आशा भोसले यांचे. २००२ मध्ये दुबईत त्यांच्या नावाचे 'आशाज्' हे उपाहारगृह सुरू झाले, पुढे बर्मिंगहॅमलाही निघाले. गायिका झाले नसते तर स्वयंपाकीण झाले असते, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. येथे नाव आणि हाताची चव एकाच व्यक्तीची आहे, हे विशेष.

परंतु सॉसची चव नटाच्या कितीतरी आधीची. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला. तो युरोपात सोळाव्या शतकात पोहोचला. इटालीतली टोमॅटो सॉसची सर्वांत जुनी छापील कृती १६९० च्या दशकात नेपल्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतोनिओ लातिनी यांच्या ग्रंथात सापडते. तिथेही तिला 'स्पॅनिश पद्धतीची' म्हटले आहे आणि पास्त्याशी तिचा काही संबंध नाही. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी त्यानंतर शंभरेक वर्षांनी छापील पुस्तकांत दिसू लागली. लातिनींचे नाव उरले, कारण त्यांनी पुस्तक लिहिले. ज्यांच्या चुलीवर ही चव आधी शिजली, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

येथवर आल्यावर आम्हांला आमच्याच अंगणातली बाज आठवली. इटालीतला वाळवलेला पास्ता ज्या डुरम जातीच्या गव्हाचा होतो, त्याच जातीचा आपला बन्सी गहू. चैत्र-वैशाखात गहू ओलवून दळायचा, रवा-पीठ चाळायचे, कणीक तिंबायची आणि पाटावर शेवया ओढून वाळत घालायच्या. बारीक काडीवर गुंडाळलेले सरगुंडे, बोटांच्या चिमटीतून उतरणारे गव्हले, नखुले, मालत्या. आणि वरणात शिजणाऱ्या चकोल्या. हा सारा पास्ताच, फक्त त्याला बाटली नाही, चेहरा नाही. रुखवतात मालत्यांचे ताट मांडले जाई, तेव्हा पाहुणे विचारीत, "कुणी केल्या?" नाव सांगितले जाई आणि मांडव उतरला की ते विसरलेही जाई.

आज आमच्या घरांत शेवया बाजारातून येतात. ओढणारे हात गेले, आणि मराठीचे अध्यापक असूनही त्या हातांची कृती आम्ही कधी लिहून घेतली नाही. ही खंत कोणा कंपनीवर ढकलता येणार नाही. ती आमचीच आहे.

म्हणूनच जनाबाईंचे मोल अधिक जाणवते. दळण, कांडण, झाडलोट हे दासीच्या वाट्याचे काम. ते करता करता त्यांनी अभंग रचले आणि शेवटी आपले नाव घातले. ते नामदेवांच्या नावाला जोडून घातले, त्यांचे अभंग आपल्या हाती आले तेही नामदेवगाथेच्या सोबतीने. परंतु नाव घातले. जात्यावर बसलेल्या असंख्य बायांपैकी एकीचे नाव सातशे वर्षे टिकले, ते या नाममुद्रेमुळे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले: होय, बाटलीवरचा चेहराही नाममुद्राच. मात्र नाव आधीच मोठे असले की ते मालाला लागते. जनाबाईंच्या बाबतीत कामातून नाव उभे राहिले. मग वर्गाला एक काम दिले. आजीला तिचा एक पदार्थ विचारून लिहून आणा, आणि खाली तिचे नाव घाला.