शेअरांचें वेड आणि ‘हेराफेरी’

झटपट श्रीमंतीचा नाद सुखांतिकेचा विषय कां होतो, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ आहे. दुसऱ्याचा लोभ पाहून हसूं येतें आणि आपला लोभ मात्र आपणांस दूरदृष्टि वाटते, एवढें उत्तर देऊन तो सोडून देतां येईल. परंतु या हास्यामागचा थोडा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, आपण बहुधा भलत्याच माणसास हसत असतों.

प्रियदर्शन यांचा ‘हेराफेरी’ हा हिंदी चित्रपट २००० सालीं लागला. मूळ कथा १९८९ च्या एका मल्याळम् चित्रपटाची. परंतु परेश रावल यांनीं उभे केलेले जाड भिंगांच्या चष्म्याचे बाबूराव गणपतराव आपटे मराठी घरांत जणूं शेजारी होऊन राहिले. कर्जांत बुडालेला घरमालक आणि त्याचे दोन निरुद्योगी भाडेकरू अशी ही त्रयी. चुकीच्या दूरध्वनि-क्रमांकामुळें एका अपहरणाची खंडणी मागणारा निरोप त्यांच्याकडे येतो. तेव्हां मुलीच्या घरच्यांकडून दुप्पट रक्कम मागावी, चोरास त्याची द्यावी व उरलेली आपण ठेवावी, असा बेत ते करतात. हा गुन्हा खरा. पण त्याची रीति शुद्ध दलालीची आहे. अशा दलालीचा याहून फार मोठा प्रयोग मुंबईंत १८६१ ते १८६५ या वर्षांत होऊन गेला, आणि त्यांतलीं मुख्य पात्रें निरुद्योगी नव्हतीं.

उत्तर कोंकणच्या किनाऱ्यास धन कांहीं नवें नव्हे. डहाणूजवळच्या चिंचणी गांवीं १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांत राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळची, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ ची, एक हकीकत कोरलेली आहे. संयान, म्हणजे आजचें संजाण, या बंदराच्या मुलखावर मधुमति सुगतिप या नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्यानें दोन नद्यांवर फुकट नावांची सोय केली व भात, कालवण आणि तूप मिळेल असें अन्नसत्र घातलें. बंदराची समृद्धि अशी वाटसरूच्या पानापर्यंत पोंचली.

पुढें याच किनाऱ्यावरून निराळें धन वाहूं लागलें. चिंचणीच्या पूर्वेस वाणगांवावरून जाणारा सुरतेचा लोहमार्ग १८६४ त मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचला. त्या वेळीं कापसास सोन्याचें मोल आलें होतें. अमेरिकेंत १८६१ च्या एप्रिलांत यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं आणि लँकेशायरच्या उपाशी गिरण्यांनीं मुंबईकडे तोंड वळविलें. गाद्या उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या गोष्टी त्या काळच्या म्हणून अजून सांगतात.

येथपर्यंत व्यापार होता. वेड यानंतर लागलें. आलेला पैसा ठेवावा कोठें, हें न सुचून नव्या कंपन्या निघूं लागल्या. १८६५ च्या जानेवारींत मुंबईंत ३१ बँका, पतपुरवठ्याच्या १६ पेढ्या व जमिनीच्या ८ कंपन्या होत्या. बॅक बे येथील समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या आसपास गेला. जमीन अजून पाण्याखालीं होती; परंतु ती कोणास पाहावयाचीच नव्हती. उद्यां दुसरा कोणी अधिक किंमत देईल, एवढेंच तिचें मोल होतें.

दार उघडलें तें मात्र वरून. बाँबे बँकेंत खुद्द सरकारचे शेअर होते, आणि म्हणूनच तिच्यावर लोकांचा विश्वास होता. १८६३ च्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं व कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर ती कर्ज देऊं लागली. शेअर ठेवून कर्ज काढावें आणि त्या कर्जानें पुन्हां शेअर घ्यावे, असें रहाट फिरूं लागलें. या उलाढालीचे मुख्य सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचें वजन बँकेच्या चालकांवर मोठें होतें. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं देणेकऱ्यांना देतां येईना. बाँबे बँकेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांस विकला जाऊं लागला. पुढें ती बँकही मोडली. १८६४ च्या शिरगणतींत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ त ६,४४,४०५ भरली. या घटीचें एक मोठें कारण हा उतार होता.

प्रेमचंदांविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. त्यांनीं विद्यापीठास दिलेल्या चार लाखांतून ग्रंथालय झालें आणि त्यांच्या आईच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ त पुरा झाला. तो आजही उभा आहे. पण ज्यांचें किडूकमिडूक त्या जुलैंत गेलें, त्यांचा मनोरा कोठेंच नाहीं. त्यांस आपण ‘लोभी’ एवढेंच म्हणतों.

२००६ च्या ‘फिर हेराफेरी’ त हीच त्रयी, एकवीस दिवसांत रक्कम दुप्पट करून देणाऱ्या पेढीवर विश्वास ठेवून, उसना पैसाही गमावते. तोंपर्यंत असल्या योजनांविरुद्ध १९७८ चा कायदा होता. ठेवीदारांच्या रक्षणार्थ महाराष्ट्रानें १९९९ त स्वतंत्र कायदाही केला होता. कायदे आले, तरी फसणारा माणूस बदलला नाहीं. कारण तो नुसत्या लोभानें फसत नाहीं. त्याच्या पाठीशीं कर्ज असतें आणि समोर झगझगीत कचेरी असते. शेजाऱ्यास पैसे मिळाल्याची वार्ताही त्यानें ऐकलेली असते. १८६५ सालच्या कारकुनाच्या समोर तर सरकारची बँक होती.

बाबूरावांस हसण्यास हरकत नाहीं. तो चित्रपट त्यासाठींच आहे. मात्र हसून झाल्यावर एक प्रश्न विचारण्याची संवय आपल्या घरांतून लागली पाहिजे : दुप्पट रकमेवर ज्यानें विश्वास ठेवला तो मूर्ख खरा, परंतु तो विश्वास विकावयास बसला होता कोण, आणि त्याला दुकान मांडूं कोणी दिलें?