श्रीगोंद्याचा शेख आणि बगदादचा वाद

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन्ही तालुके ज्याला भिडतात, तो पलीकडचा तालुका श्रीगोंद्याचा. श्रीगोंदे, म्हणजे जुने चांभारगोंदे, येथे शेख महंमदांची समाधी आहे. ते मालोजी भोसल्यांचे गुरू, असे परंपरा सांगते. मराठीच्या वर्गात त्यांचे नाव येते ते बहुधा ‘मुसलमान संतकवी’ म्हणून, सलोख्याचा दाखला देण्यापुरते. दाखला दिला की वाचन संपते. आमचा आक्षेप आहे तो नेमका यालाच.

शेख महंमद सूफींच्या कादिरी परंपरेतले. या परंपरेचे मूळपुरुष अब्दुल कादिर जिलानी ११६६ मध्ये बगदादेत वारले. त्याच शहरात, त्यापूर्वी काही दशके, अल्-गझाली (१०५८–११११) यांनी ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाणाऱ्या तत्त्वज्ञांवर हल्ला चढवला होता. जग अनादी आहे काय? ईश्वर सामान्य तत्त्वेच जाणतो, की प्रत्येक वस्तूही? अंदलुसियातील इब्न रुश्द यांनी (११२६–११९८) तत्त्वज्ञांच्या बाजूने त्यांना उत्तर दिले. पण स्वतः गझाली तर्काची सीमा ओळखून सूफींच्या अनुभवमार्गाकडे वळले होते. पुढे इब्न अरबींनी (११६५–१२४०) ईश्वर सृष्टीहून सर्वथा वेगळा, तरीही तिच्यातच प्रकटणारा, असा दुपेडी विचार मांडला.

ही वैचारिक पार्श्वभूमी ध्यानात ठेवून शेख महंमदांचा ओवीबद्ध ‘योगसंग्राम’ हाती घ्यावा. ‘संग्राम’ म्हणताच मराठी वाचकाला कुरुक्षेत्र आठवते. सूफी साधकाला मात्र ‘नफ्स’शी, म्हणजे स्वतःतल्या अहंकाराशी, करावयाचे युद्ध आठवते. एका शब्दात दोन्ही स्मृती नांदतात. शेखांचे गुरू चांद बोधले हेच जनार्दनस्वामींचेही गुरू असल्याचे परंपरा मानते. ते खरे धरल्यास एकनाथ आणि शेख महंमद एकाच गुरुकुळातले ठरतात.

म्हणून सूफींचे ऐक्य आणि वेदान्ताचे अद्वैत एकच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. साम्य दिसले की भेद विसरणे हाही वाचनाचा आळसच. सूफी विचारात निर्माता आणि निर्मित यांतील अंतर पुरते पुसले जात नाही. मराठी ओवीत उतरताना त्या अंतराचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. तो विचारल्यास शेख महंमद सलोख्याचे प्रतीक न उरता मराठीतले विचारवंत म्हणून आपल्यासमोर येतील. मराठीच्या शिक्षकांनी निदान एक तास तरी त्यांना या प्रश्नासाठी द्यावा.