वर्गाची भिंत आणि आपला इतिहास

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की प्रत्येक वर्गशिक्षकापुढे एक छोटासा प्रश्न उभा राहतो. भिंतीवर काय लावावे? सुविचार आणि नकाशा तर असतातच. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या सातवीच्या वर्गात महाराष्ट्राची चार मोठी रंगीत चित्रे लावली: रायगड, अजिंठ्याचा पद्मपाणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा. वर्ग शोभिवंत दिसू लागला. मीही समाधानाने पाहत होतो. इतक्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ह्यांतले आपले कोणते?"

प्रश्न निरागस होता, पण मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. "सगळीच आपली," असे म्हणून मी वेळ निभावून नेली. परंतु केवळ शिक्षकाने सांगितले म्हणून मुलाला ते पटावे कसे? प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

घराच्या भिंतीवर छापील चित्र लावण्याची आवड महाराष्ट्रात जुनी आहे. इ. स. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. राजवाड्यांतील चित्रकला अशा रीतीने सामान्य माणसाच्या घरात आली. देवादिकांबरोबरच इतिहासातील पुरुषही घराघरांत दिसू लागले. भिंतीवरचे चित्र हे न बोलता शिकवणारे पुस्तक आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

आता आमच्या वर्गातील पद्मपाणीचेच पाहा. हे चित्र अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने तेथील चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवली. परंतु १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतील बहुतेक नकला भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम केले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पारशी चित्रकार होते. दुर्दैव असे की, १८८५ साली लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत त्यांतीलही बरीच चित्रे जळाली.

त्या काळी अजिंठा हैदराबाद संस्थानात होता. तेथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी हे काम पुढे नेले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंतींवरून सुटू लागलेली चित्रे पक्की करून घेतली. याझदानी यांनी रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्यावरील ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १९३० साली आणि शेवटचा १९५५ साली निघाला. बौद्ध भिक्षूंच्या विहारातील चित्र एका मुसलमान विद्वानाने आयुष्यभर जपले. मग हे चित्र कोणाचे म्हणावे?

बीबी का मकबरा हा औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या कबरीवर सतराव्या शतकात उभा राहिला. त्याच्या मुख्य दरवाजावरील लेखात दोन नावे आहेत: अताउल्ला आणि हंसपतराय. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने बांधकाम पाहिले. ज्या शहरात तो उभा आहे, ते मूळचे खडकी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली ते वसवले आणि नहरीने तेथे पाणी आणले. हा मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला होता. पुढे शहराचे नाव औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. दौलताबादचेही तसेच. यादवांची देवगिरी १३२७ साली महंमद तुघलकाची राजधानी झाली; चांद मिनार त्यानंतर बहामनी काळात आला. एकाच डोंगराच्या अंगावर हे सारे थर आहेत.

आणि रायगड! १६७४ साली तेथे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत रायगड आहे. त्या पायरीवरचे हिरोजींचे नाव आणि मकबऱ्याच्या दरवाजावरची ती दोन नावे मुलांनी एकाच तासाला वाचली पाहिजेत. राजांच्या तारखा मुले विसरतील, कारागिरांची नावे विसरणार नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि पालकांना एकच विनंती करावीशी वाटते. चित्र जरूर लावा, पण त्याखाली चार ओळी लिहा: हे कोणी बांधले, केव्हा बांधले आणि कोणी जपले. त्या ओळी मुलांच्याच हातून लिहून घ्या. ओळींविना चित्र ही नुसती सजावट ठरते. काही दिवसांनी डोळ्यांना ते दिसेनासे होते.

आमच्या वर्गात तसे केले. पद्मपाणीखालच्या ओळी लिहिण्याचे काम मी मुद्दाम त्या प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे दिले. वार्षिक संमेलनाला आलेल्या आपल्या अब्बांना हाताला धरून तो त्या चित्रापुढे घेऊन गेला आणि दोन आगींची हकिकत सांगू लागला. "आमच्या अजिंठ्याचे चित्र" असे तो म्हणाला. त्यानंतर मला निराळे उत्तर द्यावे लागले नाही.