मय्यत न आलेली घरं

नाशिकला लष्कर नवं नाही. देवळालीला तोफखान्याची जुनी छावणी आहे आणि ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. तिसऱ्या दिवशी, १ मार्चला, त्यांच्यावर नाशिकमध्ये अंत्यसंस्कार झाले. घरच्यांचं दुःख त्याने हलकं झालं असं कोणी म्हणणार नाही. पण माणूस गेला, एवढं तरी त्यांना नक्की कळलं होतं. निरोप द्यायला समोर काहीतरी होतं.

ज्यांच्या दारात ती पेटी कधी येतच नाही, त्यांचं काय होतं? आपल्या युद्धांच्या इतिहासात या घरांना फार थोडी जागा मिळाली आहे.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचं एएन-१२ विमान चंदीगडहून लेहला निघालं. आत १०२ माणसं होती. हवामान बिघडलं म्हणून वैमानिकाने विमान मागे वळवलं आणि रोहतांगच्या आसपास ते नाहीसं झालं. पुढची पस्तीस वर्षं काहीच हाती लागलं नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला ढाका हिमनदीत त्याचे अवशेष दिसले. सोबत एक मृतदेह होता. शिपाई बेली राम यांचा. त्यानंतर लष्कराने अनेक मोहिमा काढल्या. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चार देह सापडले : केरळचे थॉमस चेरियन, सहारनपूरचे मलखान सिंह, उत्तराखंडचे नारायण सिंह आणि हरियाणाचे मुन्शी राम. अपघाताला ५६ वर्षं झाली होती. थॉमस चेरियन कोवळ्या वयात गेले होते. बर्फातून त्याच वयाचे परत आले, पण त्यांची वाट पाहणारे आईवडील उरले नव्हते. मलखान सिंह यांना अग्नी दिला तो नातवांनी, ज्यांनी आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. १०२ पैकी तोवर हाती लागलेले देह जेमतेम नऊ.

महाराष्ट्रातल्या घरांनीही हे भोगलं आहे. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर दिसेनासं झालं. त्यात पुण्याच्या निगडीचे फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे होते. काही आठवड्यांतच सर्वांना मृत मानल्याचं घरच्यांना कळवण्यात आलं. विमानाचे अवशेष मात्र साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये दिसले. चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल समुद्राच्या तळाशी. तिथून कोण कोणाला घरी आणणार?

बर्फ आणि समुद्र यांच्याशी भांडता येत नाही. पण फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांची गोष्ट वेगळी आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई-७ पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी दैनिकाने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी दिली. त्यातलं एक नाव होतं ‘फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे’. एका अक्षराचा हा फरक. त्यावर एका बाईचं अख्खं आयुष्य टांगणीला लागलं.

युद्ध संपलं. सिमला करार झाला. भारताच्या ताब्यातले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी परत गेले. आपलेही कैदी आले, पण तांबे त्यांच्यात नव्हते. बेपत्ता जवानांची यादी १९७९ मध्ये लोकसभेत मांडली गेली तेव्हा त्यात ४० नावं होती. पुढे ती ५४ झाली. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानचे तुरुंग पाहायला नेलं. २००७ ला चौदा जण गेले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. सगळे रिकाम्या हाताने परतले. आमच्याकडे असा एकही युद्धकैदी नाही, ही पाकिस्तानची भूमिका आजही कायम आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी करत दमयंतीबाईंनी आयुष्य काढलं. दुसरं लग्न केलं नाही.

आपल्याकडे मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. गुस्ल, कफन, जनाजा, माती. सगळं लवकर उरकायचं. यातल्या प्रत्येक गोष्टीला शरीर लागतं. मय्यत समोर नसताना गायबाना जनाज्याची नमाज पढता येते का, यावर फिकहच्या मजहबांत मतभेद आहेत. हबशाचा राजा नज्जाशी वारल्याची खबर आली तेव्हा प्रेषितांनी मदिनेत त्याची नमाज पढवली, या आधारावर शाफई मजहब ती मान्य करतो. हनफी करत नाही. म्हणजे कोकणातल्या शाफई जमातीत जे चालतं, ते नाशिकच्या हनफी मोहल्ल्यात चालेलच असं नाही. पण दोन्हीकडे आधी एक गोष्ट हवीच, मृत्यूची खात्री. बेपत्ता माणसाच्या बाबतीत नेमकी तीच नसते.

अशा माणसाला फिकहमध्ये ‘मफकूद’ म्हणतात. त्याच्या बायकोने किती थांबायचं? जुन्या हनफी मतानुसार नवऱ्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत, म्हणजे जवळपास जन्मभर. मालिकी मतानुसार चार वर्षं, आणि मग चार महिने दहा दिवसांची इद्दत. विसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या उलेमांनी, त्यात मौलाना अशरफ अली थानवी अग्रभागी होते, आपला हनफी आग्रह बाजूला ठेवून हे मालिकी मत स्वीकारलं. त्यातून पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर बायकोला निकाह मोडून मागता येतो. त्यातही एक खिडकी उघडी ठेवली आहे. निकाल लागल्यावर सहा महिने तो अमलात येत नाही, न जाणो, तेवढ्यात माणूस परत यायचा.

शेजारच्या घरातही असाच हिशेब आहे. हिंदू परंपरेत बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. अकाली गेलेल्यांच्या नारायणबळीसाठी तर देशभरातून माणसं नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला येतात. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत घातली. ती नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे.

चार, सात, बारा. हे आकडे निर्दय वाटतील, पण ते मला दयेचे वाटतात. मागे उरलेल्या माणसाला जगता यावं म्हणून कोणीतरी कधीतरी ते ठरवले. थांब, पण जन्मभर थांबलंच पाहिजे असं नाही, एवढंच ते सांगतात. त्यापुढेही थांबायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दमयंतीबाई थांबल्या. एएन-१२ मधल्या काही जवानांच्या विधवांनी दुसरा संसार मांडला. दोघींपैकी कोणालाही बोल लावायचा हक्क आपल्याला नाही.

पण ही मुदत घरासाठी आहे, सरकारसाठी नाही. सात वर्षांनी कायदा माणसाला मृत मानतो तेव्हा बायकोची सुटका होते. ज्याने त्याला पाठवलं त्याची होत नाही. रोहतांगच्या बर्फात पहिला देह गिर्यारोहकांना दिसला. कुठे शोधायचं ते त्यानंतर लष्कराला ठाऊक झालं आणि एकवीस वर्षांनीही चार घरांना त्यांची माणसं मिळाली. उशिराने का होईना, शोधलं तर सापडतं, हे त्या चार पेट्यांनी सिद्ध केलं. ५४ जणांच्या बाबतीत मात्र चाळीसचे चोपन्न कसे झाले, याचं नीट उत्तरही घरच्यांना मिळालेलं नाही. शहीद म्हणायला आपल्याला एक क्षण पुरतो. तो कुठे आहे, हे सांगायची जबाबदारी मात्र कुठल्याच मुदतीने संपत नाही.